अंगावरून जाण्यावरचे जेल : नळी उघडण्याआधी



दर अंकात आम्ही बेणे, लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. ऊस विकास खात्याने तो का घ्यावा, असे कुणी विचारील. पण आमचे खाते फडाफडाने फिरते. फडात मोळ्या बांधणाऱ्या बाया आणि आपल्या सभासदांच्या घरच्या खुरपणीला वाकणाऱ्या बाया, यांतल्या कितीतरी जणी "पांढरं जातंय" हे दुखणे वर्षानुवर्षे कुणाला सांगत नाहीत. मग एक दिवस घरचा माणूस मेडिकलमधून जेलची नळी आणतो. तपासणी नाही, चिठ्ठी नाही. दोन रात्री वापरली, खाज थांबली, की उरलेली नळी जावेकडे जाते.

हे दुखणे आपल्याच भागात आहे असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत ती छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के! दुसरी गोष्ट आपल्या धंद्याच्या अगदी जवळची. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी बायांना थेट पिशवी काढायला सांगण्यात आले होते. खाडा पडला की मजुरी कापली जाते, मग बाई दवाखान्याला जाणार कधी? जे दुखणे वेळेवर तपासून आठवड्याच्या औषधाने बरे होऊ शकते, ते असे ऑपरेशनपर्यंत जाते.

आता औषधाचे. ऊस पिवळा पडला की आपण आधी पाहतो, लोह कमी पडले, नत्र कमी पडले, का मुळाला हुमणी लागली. हुमणीला युरिया टाकून काय होणार? इथेही तसेच आहे. महिन्याच्या मधल्या दिवसांत थोडे पांढरे, बिनवासाचे जाते, ते दुखणेच नाही. त्याला औषध नको. दह्यासारखे घट्ट जाते आणि खूप खाज असते, ती बहुधा बुरशी. तिच्यावर क्लोट्रिमॅझोलचे जेल किंवा योनीत ठेवायची गोळी देतात. करडे-पांढरे, मासळीसारख्या वासाचे असेल तर जंतू निराळे, आणि औषध मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन. हिरवट-पिवळे, फेसाळ जाणे हा तिसराच प्रकार असू शकतो. तो जेलने जात नाही, त्याला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात, त्याही नवरा-बायको दोघांनी. इथे पुरुष मंडळी मागे सरतात, हे आम्ही स्पष्टच लिहितो. एकट्या बाईने औषध घेतले तर तेच दुखणे तिला परत लागते. शिवाय वरून बघून प्रकार ओळखता येतोच असे नाही, म्हणून आधी तपासणी.

जेल लावायची वेळ रात्री झोपतानाची. हात साबणाने धुवावेत, सोबतची नळी खुणेपर्यंत भरावी, आडवे होऊन सोसेल तितकीच हलकेच आत घालावी आणि दट्ट्या दाबावा. सकाळी थोडे औषध बाहेर येते, ते वाया गेले असे नव्हे. स्वच्छ, उन्हात वाळवलेले कापड घ्यावे. जितके दिवस सांगितले तितके दिवस पुरे करावेत, खाज तिसऱ्या दिवशी थांबली तरी. पाळी जवळ आली असेल तर औषध घेतानाच सांगावे. कोर्स बहुधा पाळीआधी संपेल असा, नाहीतर पाळीनंतर सुरू करायला सांगतात. या दिवसांत संबंध टाळावेत. तेलकट मलमाने निरोधचे रबर कमजोर होते, त्यावर भरवसा ठेवू नये.

आतून साबण, डेटॉल, मिठाचे पाणी यांनी धुऊ नये. हळद आपल्या वसमतची कितीही नामांकित असली तरी ती इथे नको. आणि जेल म्हटले की सगळे एकच, असेही नाही. मेट्रोनिडॅझोलचे जेल हिरड्यांसाठीही मिळते, ते वेगळे. नळीवरचे नाव व मुदत मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यावी. उन्हाळ्यात पत्र्याखाली, कोपीत औषध तापते. ते माठाजवळच्या गारव्यात, पण लेकरांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. फवारणीच्या औषधाशेजारी तर मुळीच नाही.

दिवस गेलेले असतील, किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नळी उघडू नये. सुरुवातीला जरा चुरचुरते. मात्र आग होऊन सूज आली, फोड आले तर औषध बंद करून दाखवावे. ताप, ओटीपोटात कळ, जखम, संबंधानंतर रक्त, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, यांवर जेल लावत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खाज पुन्हा पुन्हा येत असेल तर रक्तातली साखरही बघून घ्यावी.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. लाज वाटत असेल तर आधी गावच्या आशाताईला सांगावे. आणि कुणी पिशवी काढायला सांगितले, तर सोनोग्राफीचा कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

सभासदांना आमची एक विनंती. आपल्या फडात तोड चालू असेल तेव्हा टोळीतल्या बायांना धुण्यापुरते स्वच्छ पाणी विहिरीवरून घेऊ द्या आणि एखादी दवाखान्याला निघाली तर खाडा धरू नका म्हणून मुकादमाशी बोला. टोळी पुढच्या गावाला हलताना दवाखान्याचा कागद आणि राहिलेले औषध बाईच्या पिशवीत आहे ना, तेवढे चिटबॉयने विचारावे.