राणीच्या वह्यांतले सोनाटा

आपल्या नाशिकच्या भजनी मंडळांत पेटी वाजवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. म्हणून आज आम्ही पेटीच्या एका दूरच्या नातलगाची, हार्पसिकॉर्डची ओळख करून देणार आहोत.

पट्ट्या पेटीसारख्याच, पण आत भाता नाही, तारा आहेत. पट्टी दाबली की पिसाच्या देठाचं टोक तार छेडतं, सतारीवर मिजराब चालते तसं. बोट जोरात मारलं तरी आवाज फारसा वाढत नाही, आणि स्वर लगेच विरतो. पेटीवर स्वर धरून ठेवता येतो, इथे नाही. म्हणून या वाद्याचं संगीत वेगवान, मुरक्यांनी भरलेलं असतं.

या वाद्यासाठी दोमेनिको स्कार्लात्तीने ५५५ सोनाटा रचले. तो १६८५ साली नेपल्सला जन्मला आणि १७२० च्या सुमारास पोर्तुगालचा राजा पाचवा जॉन याच्या पदरी गेला. गोवा आणि वसई तेव्हा याच राजाच्या अमलाखाली होती. १७३८ मध्ये स्कार्लात्तीने ३० सोनाटा छापून त्याला अर्पण केले. पुढच्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली!

राजकन्या मारिया बार्बारा ही त्याची शिष्या. १७२९ मध्ये, सतराव्या वर्षी, तिचं स्पेनच्या युवराजाशी लग्न झालं. लग्न झालं की मुलीचं गाणं-वाजवणं सुटतं, हे आपण किती घरांत पाहतो. इथे मात्र गुरुजीच शिष्येपाठोपाठ स्पेनला गेले आणि १७५७ मध्ये मरेपर्यंत तिच्याकडेच राहिले.

आता सोनाटा ऐकायचा कसा? बहुतेक सोनाटा तीन ते सहा मिनिटांचे, दोन भागांचे. प्रत्येक भाग दोनदा वाजतो. आपल्या रागात षड्ज हलत नाही. इथे तोच हलतो. पांढरी एकमध्ये सुरू झालेली रचना पहिल्या भागाच्या शेवटी पांढरी पाचमध्ये जाऊन थांबते. दुसरा भाग आणखी भटकतो आणि शेवटी मूळ घरी परततो. ते परतणं कानाला कळलं की सोनाटा कळला म्हणायचा.

१४१ क्रमांकाचा सोनाटा मोबाइलवर लावून पाहा. उजव्या हाताची बोटं आळीपाळीने एकच पट्टी भराभर ठोकतात. डावा हात दाट, थोडे खटकणारे स्वर एकदम दाबतो, जणू कुणी गिटार खसाखस छेडतंय. स्पेनच्या रस्त्यावरचं वाजवणं असं राजवाड्यात शिरलं.

स्कार्लात्तीच्या हातचा एकही सोनाटा आज उरलेला नाही. उरल्या त्या राणीसाठी नकलून घेतलेल्या १५ वह्या, त्यांत ४९६ सोनाटा. १७५८ मध्ये राणी वारली. वह्या तिने फारिनेल्ली या गायकाला ठेवल्या होत्या. आज त्या व्हेनिसच्या ग्रंथालयात आहेत.

शिष्येच्या वह्या नसत्या, तर यातलं बरंचसं संगीत गुरूबरोबरच गेलं असतं. आपल्या मंडळातल्या थोरल्या बायकांच्या गळ्यात कितीतरी जुन्या चाली आहेत, ज्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. या आठवड्यात त्यांतली एक तरी चाल वहीत उतरवा, नाहीतर मोबाइलवर रेकॉर्ड करा. राणीएवढे पैसे त्याला लागत नाहीत.