‘ॲफिडेव्हिट’ हा शब्द आला कुठून? आणि त्यासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतोच का?

उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, शिक्षणातला गॅप... कशासाठीही तहसील कार्यालयात जा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आधी ॲफिडेव्हिट करून आणा.”

हा शब्द लॅटिन आहे. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये ते अख्खं वाक्य आहे: ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’. म्हणजे ही जणू शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याने केलेली नोंद. आपल्या मराठी मसुद्यात मात्र माणूस स्वतःच बोलतो: ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...’ म्हणूनच मराठीत प्रतिज्ञापत्र किंवा शपथपत्र.

शब्दाच्या मुळाशी आहे ‘फिदेस’, म्हणजे विश्वास. कॉलेजच्या ऑफिसातून आणतो ते ‘बोनाफाईड’ याच घराण्यातलं. त्याचा अर्थ ‘सद्भावनेने’. साखरपुडा झालेल्यांचा ‘फियान्से’सुद्धा लांबचा भाऊबंद!

शब्दात शपथ आहे, विश्वास आहे. स्टॅम्प पेपर कुठेच नाही. तो फक्त मुद्रांक शुल्क भरण्याचा एक मार्ग. आणि सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं हे शुल्क महाराष्ट्रात २००४ मध्येच माफ झालंय. तरी १०० रुपयांचा पेपर घ्यायची सवय काही सुटली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान शुल्क ५०० रुपये झालं आणि मागणीही थेट ५०० च्या पेपरची होऊ लागली. शेवटी मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांना जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला हे शुल्क लागणार नाही, असं पुन्हा जाहीर करावं लागलं. अशा कामांसाठी साधा कागद चालतो. बँकेसारख्या खासगी कामासाठी ही माफी नाही.

खरी जोखीम पैशांची नाहीच. जाणूनबुजून खोटा पुरावा दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार न्यायालयीन कामकाजात सात वर्षांपर्यंत, तर इतर बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शपथेवर दिलेली खोटी माहितीही यात येऊ शकते. आणि आपण काय करतो? टायपिस्टने जुन्या फाईलमध्ये नाव बदलून दिलेल्या मसुद्यावर न वाचता सही करतो. निदान पत्ता, वय आणि उत्पन्नाचा आकडा तरी आधी तपासा. सही झाली की तो मजकूर टायपिस्टचा राहत नाही.