केंब्रिजचा कौल

शहरात मोटार आणणाऱ्याकडून गर्दी-कर घ्यावा काय, हा प्रश्न इंग्लंडमधील केंब्रिज येथे २०२२ च्या अखेरीस थेट नागरिकांपुढे ठेवण्यात आला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते सायंकाळी ७ या वेळेत मोटारचालकाने दिवसाला ५ पौंड भरावेत; त्या उत्पन्नातून बसफेऱ्या वाढाव्यात आणि शहरातील बसभाडे १ पौंडावर यावे, अशी ती योजना होती. बससेवा आधी सुधारेल, कर नंतर येईल, असे आश्वासनही होते.

२४ हजारांहून अधिक उत्तरे आली. सुमारे ७० टक्के लोकांना वाढीव बससेवा हवी होती. कराला मात्र ५८ टक्क्यांचा विरोध होता. याला निव्वळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल. ॲडेनब्रुक्स हे मोठे रुग्णालय कराच्या हद्दीतच येत होते. मग रुग्णांच्या आप्तांनी व पाळीवर येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी काय करावे? पुढे सवलती वाढविल्या गेल्या, तरीही राजकीय पाठिंबा ओसरला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये योजना गुंडाळण्यात आली.

स्टॉकहोमने क्रम उलटा ठेवला, आणि तोच अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथे २००६ मध्ये प्रथम सात महिने कर आकारून पाहिला. वाहनांची ये-जा सुमारे २० टक्क्यांनी घटली. त्यानंतरच मतदान झाले. शहराने अल्प बहुमताने होकार दिला व ऑगस्ट २००७ पासून कर कायम झाला.