मँगनीज : रक्षक की भक्षक?

तिगाव-पांढुर्ण्याकडे संत्र्यांच्या बागा, तर शेजारच्या सौंसर भागात मँगनीजच्या खाणी. हे मँगनीज शरीरास अल्प प्रमाणात हवेच असते. पेशीतील घातक ऑक्सिजन-कण निकामी करणाऱ्या एका एन्झाइमचा ते घटक आहे. परंतु वर्षानुवर्षे त्याची धूळ श्वासावाटे गेली, तर ते मेंदूत साचते. घातक कण वाढतात, पेशीतील ग्लुटाथायोनची शिल्लक घटते व मज्जापेशी मरू लागतात. माणसाची चाल बिघडते. ग्लासगोचे डॉ. कूपर यांनी १८३७ मध्येच कामगारांतील हा विकार नोंदविला. संत्र्यातील 'क' जीवनसत्त्व पेशींच्या रक्षणास हातभार लावते खरे. पण जमेहून खर्च वाढल्यास संत्रे पुरे पडणार नाही. पाणी मारून धूळ बसविणे, हाच पहिला उपाय होय.