तांब्याच्या प्रदेशातील वाट

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर हे क्षेत्रफळाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होय. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर मिशिगन राज्यातील किविनॉ द्वीपकल्प आहे. येथील खडकांत तांबे शुद्ध धातुरूपात सापडते. हजारो वर्षांपूर्वी येथील आदिवासी त्याची हत्यारे घडवीत. १८४० च्या दशकात व्यावसायिक खाणकाम सुरू झाले आणि युरोपातून कामगार येऊ लागले.

आज मोटारीतून तंबू नेऊन हा प्रदेश पाहता येतो. हँकॉकजवळ १८४६ ते १९४५ या काळातील क्विन्सी खाण आहे. तेथून ४१ क्रमांकाचा महामार्ग कॅल्युमेटमार्गे कॉपर हार्बरकडे जातो. तेथे १८४४ च्या फोर्ट विल्किन्स या लष्करी ठाण्याच्या परिसरात तंबूत मुक्काम करता येतो.

या वाटेवर कॅल्युमेट येथे अवश्य थांबावे. खाणीत दोघांऐवजी एकानेच चालवावयाचे छिद्रयंत्र आले. अपघात झाल्यास एकट्या कामगाराच्या मदतीला कोण धावणार? आठ तासांचा दिवस आणि हे यंत्र बंद करणे, या मागण्यांसाठी १९१३ मध्ये संप झाला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला संपकऱ्यांच्या मुलांसाठी इटालियन हॉलमध्ये नाताळचा समारंभ होता. कोणीतरी 'आग!' असे ओरडले. आग नव्हतीच, परंतु जिन्यावरील चेंगराचेंगरीत ७३ जण मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य मुलेच होती.

१९८४ मध्ये ती इमारत पाडण्यात आली; केवळ प्रवेशद्वाराची कमान उरली. मोठ्या खाणीही बंद पडल्या असून १९९२ मध्ये येथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. तांब्याच्या वैभवाची किंमत कोणी मोजली, हे ती कमान आजही सांगते.