पाहुणे परत गेल्यावर

मे महिना जवळ आला की आपल्या घरात मामाच्या गावाचे, नाहीतर माथेरान-महाबळेश्वरचे बेत सुरू होतात. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत सुट्टीचा आणखीही एक बेत असतो. चर्चमधली पंधरा-वीस माणसे मिळून आठ-पंधरा दिवसांसाठी एखाद्या गरीब देशात ‘सेवेला’ जातात. त्यांत कॉलेजातली मुलेमुली असतात, शिक्षिका, नर्सबाई असतात, एखादा सुतार असतो, निवृत्त आजी-आजोबाही असतात. मेक्सिकोत घर बांधतात, हैतीत शाळेला रंग देतात, आफ्रिकेत दवाखान्याचे शिबिर भरवतात, मुलांना गाणी शिकवतात, प्रार्थना करतात आणि परततात. तिकडे याला ‘शॉर्ट टर्म मिशन’ म्हणतात. आपण सेवायात्रा म्हणू.

ही काही पाच-पन्नास माणसांची हौस नव्हे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून अंदाज बांधला होता, की अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख माणसे अशी परदेशी जाऊन येतात.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या यात्रेशी पालघर-बोईसरच्या आपल्यासारख्या बायकांचा काय संबंध? संबंध आहे, मैत्रिणींनो. आपल्याही महिला मंडळांच्या, सोसायट्यांच्या, कारखान्यांच्या गाड्या दिवाळीच्या सुमारास जुने कपडे आणि फराळाचे डबे घेऊन विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर जातात. त्यांचे अंतर सात समुद्रांचे, आपले दोन-अडीच तासांचे. पण प्रश्न एकच आहे : पाहुणे परत गेल्यावर मागे काय उरते?

आल्या आणि राहिल्या

आपल्या जिल्ह्याला परदेशी मिशनची माणसे नवीन नाहीत. अमेरिकेतल्या ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या पंथाची पहिली मंडळी १८९४ साली तिकडून निघाली आणि वलसाडला येऊन राहिली. पुढे डहाणूलाही त्यांचे केंद्र झाले. डहाणू रोडचे मिशन हॉस्पिटल त्यांचेच. डॉ. बार्बरा निकी या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी तिथे कितीतरी वर्षे काम केले. पण ही माणसे आठ दिवसांसाठी आलेली नव्हती. बोटीने येण्यातच आठवडे जात. आल्यावर पहिले काम भाषा शिकणे. पेशंटशी बोलायचे तर त्याच्या बोलीत बोलता यायला हवे ना!

त्यांच्याही आधी सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका १८२७ साली अमेरिकेतून मुंबईला आली. नंतर ती नगरला गेली आणि तिथेच १८६२ साली तिचा अंत झाला. पस्तीस वर्षे ती मुलींना शिकवत राहिली. जोतीराव फुल्यांनी नगरला तिची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याच हाताखाली घेतले. पुण्याच्या मुलींच्या शाळेत मग शिकवायला उभ्या राहिल्या त्या सावित्रीबाई, मिस फरार नव्हे. मागे काय उरले, याचे इतके स्वच्छ उत्तर दुसरे कुठले असेल?

कधी कधी थोड्या दिवसांच्या मुक्कामातूनही मोठे काम उभे राहते. आयडा स्कडर ही मिशनरी डॉक्टरांची मुलगी. १८९० साली आजारी आईच्या शुश्रूषेसाठी ती तमिळ मुलखातल्या तिंडिवनमला आली. आई बरी झाली की अमेरिकेला परतायचे, संसार थाटायचा, असा तिचा विचार. एका रात्री एकामागून एक तीन पुरुष दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. ‘तुम्ही चला,’ म्हणून त्यांनी आयडाला विनवले. ती म्हणाली, मी डॉक्टर नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना न्या. पण परपुरुषाचा हात बायकोला लागू द्यायला तिघेही तयार नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या.

आयडा अमेरिकेला परतली, पण संसार थाटायला नव्हे. डॉक्टर होऊन १९०० साली ती पुन्हा आली आणि वेल्लोरला तिने दवाखाना उघडला. १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळाही काढली, कारण एकटी आयडा पुरणार नाही, इथल्याच मुली डॉक्टर व्हायला हव्यात, हे तिला कळले होते. वेल्लोरचे आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ते हेच.

गाईची अट

थोड्या दिवसांची यात्रा नीट कशी करावी, याचा धडाही डहाणूच्या ब्रेदरन पंथातच सापडतो. या पंथाचा डॅन वेस्ट नावाचा शेतकरी १९३७ च्या सुमारास यादवी युद्धाने होरपळलेल्या स्पेनमध्ये मदतीला गेला. मुलांना दूध वाटणे हे त्याचे काम. दूध थोडे आणि मुले फार. वाटता वाटता त्याच्या मनात आले, रोज पेला देण्यापेक्षा यांना गाय का देऊ नये?

१९४४ साली गाईंची पहिली तुकडी प्युर्टो रिकोला गेली. महायुद्ध संपल्यावर १९४५ ते १९४७ या काळात उद्ध्वस्त युरोपकडे गाई-घोड्यांची जहाजेच्या जहाजे निघाली. बोटीवर जनावरांना वैरण-पाणी करायला सुमारे सात हजार माणसे आळीपाळीने गेली. शेतकरी, मास्तर, कॉलेजातली पोरे. दीड-दोन महिन्यांची फेरी करून घरी परत. ही सेवायात्राच, नाही का? पण त्यांच्या गाईला एक अट होती. ज्याला गाय मिळेल त्याने तिची पहिली कालवड शेजारच्या गरजू घराला द्यायची. आज घेणारा उद्या देणारा झाला. त्याची मान खाली गेली नाही, आणि पाहुणे गेल्यावरही काम चालू राहिले.

चांगल्या मनाने झालेले नुकसान

आपल्याकडे चार दिवसांसाठी आलेली एखादी पाहुणी हौसेने स्वयंपाकघर आवरायला घेते. डबे स्वतःच्या मनाप्रमाणे लावते. तिचे मन चांगले, हात चलाख. पण ती गेल्यावर महिनाभर आपल्याला हळद सापडत नाही! सेवायात्रांचे पुष्कळदा असेच होते.

१९९८ साली मिच नावाच्या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतला होंडुरास देश उद्ध्वस्त केला. घरे बांधायला अमेरिकेतून कितीतरी चर्चगट धावले. तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर हिशेब मांडला. पाहुण्यांच्या विमानभाड्यासह एका घराचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर आला होता. तिथलीच ख्रिस्ती संस्था तसे घर सुमारे २ हजार डॉलरांत बांधत होती. घर पाहुण्यांनी बांधले की गावच्या गवंड्यांनी, याने त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात फरक पडल्याचेही त्याला दिसले नाही.

पैशांचे एक वेळ सोडा. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातून आलेल्या चर्चगटातल्या दहा जणांना पोलिसांनी सरहद्दीवर अडवले. त्यांच्याबरोबर ३३ मुले होती. ‘अनाथ मुलांना शेजारच्या देशातल्या आश्रमात नेतो आहोत,’ असे त्यांचे म्हणणे. चौकशीत निघाले, की बहुतेकांचे आईबाप हयात होते. आपण आया आहोत; यावर जास्त बोलायला नको.

इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंनी तर १९६८ सालीच मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावले होते : आमचा देश बघायला या, शिकायला या, पण आमचे भले करायला येऊ नका. बोल कडवट आहेत. मला ते पुरते पटत नाहीत, पण विसरताही येत नाहीत.

आणि आपल्या पाड्यांवर?

मी बोईसरच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. ‘मला आवडलेला पाहुणा’ असा निबंध दिला होता. मोखाड्याकडच्या पाड्यावरून आलेली एक मुलगी वही कोरी ठेवून बसली. विचारले तर म्हणाली, “बाई, आमच्याकडे दर दिवाळीला गाड्या येतात. आम्हाला रांगेत उभं करतात, फोटो काढतात. आजीला तीन स्वेटर मिळाले. पाण्याची टाकी फुटलीय, ते कुणी विचारलंच नाही.”

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. त्यानंतर या भागात मदतीला तोटा नव्हता, तरी कुपोषण काही हटले नाही. जरा जवळून पाहिले की कारणे दिसतात. भाताची कापणी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, वसई-भिवंडीकडे कामाला जातात. पुष्कळ जण होळीला परततात, कोणी थेट पावसाच्या तोंडावर. आपण जानेवारीत सोयीचा रविवार पाहून शिबिर भरवतो, तेव्हा ज्या तरण्या आईला आणि तान्ह्या बाळाला तपासायचे ती दोघे पाड्यावर नसतातच.

रक्तदाबाच्या गोळ्या दहा दिवसांच्या दिल्या. अकराव्या दिवशी काय? आदिवासी भागात सिकल सेलचा आजार आढळतो, त्याची काळजी जन्मभर घ्यावी लागते. एका दिवसाचे शिबिर रोग ओळखून देईल, पण पुढे प्राथमिक आरोग्य केंद्राशी गाठ घालून दिली नाही, तर त्या आईच्या पदरात नुसती भीती पडते.

आणखी एक. तान्ह्या बाळांसाठी पावडरचे डबे आणि दुधाच्या बाटल्या वाटायची कल्पना पुष्कळींना सुचते. कृपा करून ते करू नका. पाणी स्वच्छ नाही, बाटली उकळायला सरपण नाही. त्यातून जुलाब होतात आणि आईचे दूधही आटते. १९९२ च्या कायद्याने असे फुकट वाटप बंदच केलेले आहे. अपवाद फक्त अनाथालयांचा.

आता नाजूक प्रश्न, धर्माचा. आपल्या देशात पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक साधी कसोटी आहे. औषध घेणाऱ्या बाईला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का? प्रार्थनेला न बसताही तिला गोळी मिळेल का? मिळत असेल तर ती सेवा. मिळत नसेल तर तो सौदा, मग तो कोणत्याही देवाच्या नावाने असो. आपल्या मंडळाच्या फराळालाही हीच कसोटी लावायला हवी.

टेकडीवरच्या बाई

अनुताई वाघांचे नाव तुम्हाला ठाऊक आहेच. बालविधवा, पुण्यात शिक्षिका. १९४५ साली बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली आणि पस्तिशीतल्या अनुताई बोर्डीला आल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबादला दिसले, की मोठी मुले गुरे राखायला जातात. मग शाळा कुरणावर गेली आणि कुरणशाळा झाली. ही युक्ती आठ दिवसांच्या पाहुण्याला सुचली नसती. ती सुचायला मूल शाळेत का येत नाही, हे पाहत बसावे लागते. १९९२ साली निधन होईपर्यंत त्यांनी कोसबाद सोडले नाही.

आपल्याला कोसबादला जाऊन राहणे जमणार नाही. सासू-सासरे, मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची पाळी, सारे सांभाळायचे आहे. पण म्हणून घरी बसायलाच हवे असेही नाही. पुढच्या खेपेला मंडळाची गाडी ठरवण्याआधी एवढे करून पाहा :

१. आधी विचारा. पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला, आशाताईंना, शाळेच्या गुरुजींना गाठा. ‘काय आणू?’ यापेक्षा ‘काय अडलंय?’ असे विचारा.

२. दिवस त्यांच्या सोयीचा निवडा. स्थलांतराचे महिने टाळा, होळीनंतर किंवा पावसाळ्यात जा.

३. दहा पाड्यांना एकदा जाण्यापेक्षा एका पाड्याला दहादा जा. तिसऱ्या खेपेला बायका मनातले बोलू लागतात.

४. वस्तू जवळच्या बाजारातून घ्या. विक्रमगडच्या दुकानदाराचा धंदा बुडवून केलेला धर्म काय कामाचा?

५. कपडे नेसण्याजोगे असतील तेच न्या. आपण घरात जे नेसणार नाही, ते दुसरीला देऊ नये.

६. शिबिर असेल तर पेशंटची यादी आणि कागद आरोग्य केंद्राकडे देऊनच निघा.

७. मुलांचे फोटो आईला विचारल्याशिवाय काढू नका.

८. डॅन वेस्टची अट विसरू नका. शिवणयंत्र दिले, तर शिकलेली बाई दुसरीला शिकवील असे आधीच ठरवा.

आणि परत आल्यावर पंधरा दिवसांनी त्या सेविकेला एक फोन करा. पाण्याची टाकी दुरुस्त झाली का, औषध पुढे मिळते आहे का, एवढेच विचारा. ‘नाही’ असे उत्तर आले, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.