सागवानाआडच्या आगबोटी

मुंबईच्या गोदीची आठवण निघाली की डोळ्यांपुढे शिडेच उभी राहतात. 1736 साली सुरतेहून आलेले जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया, मलबारचे सागवान, डंकन गोदी, 1817 मध्ये बांधलेली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगणारी ट्रिंकोमाली, हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे. या कथेचा शेवटही ठरून गेला आहे: वाफ आली, लोखंड आले आणि सागवानी कसब मागे पडले. हा शेवट मला पटत नाही. गोदीने वाफ फार लवकर आणि हौसेने आपलीशी केली होती. ज्या बंदरातून वऱ्हाडचा कापूस पुढे आगबोटींत चढला, त्या बंदराची ही बाजू यवतमाळच्या वाचकालाही परकी वाटू नये.

नवरोजी जमशेटजी वाडियांच्या हाताखाली बांधलेली 411 टनांची ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1829 साली पाण्यात उतरली. तिच्यात ऐंशी-ऐंशी अश्वशक्तीची दोन यंत्रे होती. 20 मार्च 1830 रोजी ती मुंबईहून निघाली आणि 22 एप्रिलला सुवेझला पोहोचली. बोटीत साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय, आणि एडनपर्यंतचा पल्ला अकरा दिवसांचा! मग उतारूंच्या दालनातही कोळसा भरावा लागला.

पण खरा माणूस अर्देशीर खरशेटजी वाडिया. 1833 साली त्यांनी ‘इंडस’ ही 60 टनांची छोटी आगबोट बांधली. पुढच्या वर्षी माझगावचा आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवला. 1839 मध्ये ते इंग्लंडला गेले ते जहाजांची वाफयंत्रे शिकायला, आणि त्या प्रवासाची रोजनिशी छापून ठेवली. 27 मे 1841 रोजी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही 1918 साली. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता नेमले आणि गोरे कामगार त्यांच्या हाताखाली आले. ‘बॉम्बे टाइम्स’ला ते सहन झाले नाही. एतद्देशीय माणूस कितीही शिकलेला असला तरी युरोपियनांवर हुकमत चालवायला लायक नाही, असा त्या आक्षेपाचा रोख होता. अर्देशीरांनी 1857 पर्यंत ते पद सांभाळले. माझ्या लेखी त्या आक्षेपाला याहून चोख उत्तर नाही.

यावर कोणी म्हणेल, यंत्रे तर विलायतेचीच होती. मुंबईने फक्त लाकडाची पेटी घडवली. ‘ह्यू लिंडसे’पुरते हे खरे आहे. पण फेब्रुवारी 1851 मध्ये अर्देशीरांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली, तिचे सगळे भाग त्यांच्या राहत्या जागेतल्या खासगी ओतकाम कारखान्यात तयार झाले होते. म्हणजे विद्या होती, माणसे होती, भट्टीही होती. एका बोटीने उद्योग उभा राहत नाही, ही दुसरी हरकत अधिक वजनदार आहे आणि ती मी मान्य करतो. मात्र उद्योग उभा राहतो तो मागणीवर, आणि मागणीची दोरी कंपनी सरकारच्या हाती होती. सरकारने लोखंडी आगबोटी विलायतेत बनवून घेतल्या; त्यांचे सुटे भाग मुंबईत आणून जोडले जात. ज्या गोदीला जोडणीचेच काम मिळते, तिथे लोखंडी जहाजे बांधण्याचे कसब कसे रुजणार? सागवानाचा हट्ट गोदीला नडला असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम आधी पाहावा.

गोदीच्या या विसरलेल्या बाजूची आणखी एक खूण म्हणजे 1854 साली मुंबईत बांधलेल्या ‘आसई’ आणि ‘पंजाब’ या वाफेच्या युद्धनौका. 1863 मध्ये लंडनचे जहाजमालक जॉन विलिस यांनी दोन्ही विकत घेतल्या. ‘पंजाब’ची यंत्रे काढून तिला निव्वळ शिडांवर चालवले, ‘द ट्वीड’ हे नवे नाव दिले, आणि ती इतकी वेगवान निघाली की विलिस यांच्या 1869 च्या प्रसिद्ध ‘कटी सार्क’च्या घडणीशी तिचा संबंध जोडला जातो. जहाजांच्या शौकिनांना ‘द ट्वीड’ ठाऊक असते, पण मुंबईत बांधलेल्या या जहाजाच्या पोटात कधीकाळी वाफेची यंत्रे होती हे क्वचितच कोणी सांगते.